केलरबाईंची बोली

परत आल्यापासून जो भेटतो तो दोनच गोष्टी विचारतो: तिकडचा बर्फ कसा असतो आणि तिकडच्या बायका कशा असतात. बर्फ थंड असतो, दोन दिवसांत काळा पडतो आणि बुटात शिरतो. त्यापलीकडे त्याच्यात काही नाही. बायकांविषयी मात्र सांगण्यासारखं आहे. पण विचारणाऱ्यांच्या मनात असतात तशा त्या नव्हत्या. एक साठीची होती आणि बाजारात कांदे विकायची. दुसरी पन्नाशीकडे झुकलेली, आणि तिनं मला नापास केलं.

मुळात चांद्याच्या माणसानं जंगल शिकायला जर्मनीला जावं, हेच आमच्या घरी कुणाला पटत नव्हतं. आमचं गाव कुरखेड्याच्या बाजूला. धानाच्या बांध्या जिथं संपतात तिथंच रान सुरू होतं. मी वनखात्यात रेंजर. आलापल्लीच्या सागवनात चार वर्षं काढलेली. सरकारची शिष्यवृत्ती मिळाल्याचं पत्र घेऊन घरी गेलो तेव्हा बाबा तळ्यावर बैल धूत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, बैलाच्या पाठीवर पाण्याचा एक हबका मारला आणि म्हणाले, “इथी का जंगल कमी हाये? वाघाच्या गावचा माणूस मांजर पाहाले चालला!”

तरी निघायच्या दिवशी तेच सगळ्यांत पुढं होते. अख्खं गाव वडसा स्टेशनपर्यंत बैलगाड्या जुंपून आलं. गळ्यात इतके झेंडू घातले की गाडीत शिंका येत होत्या. आईनं जवसाची चटणी, लाल तिखट आणि एक घोंगडी बांधून दिली. एक गोष्ट मात्र मी कुणालाच सांगितली नव्हती. पत्रात शेवटी बारीक अक्षरांत लिहिलं होतं की, फेब्रुवारीअखेर जर्मन भाषेची तोंडी परीक्षा होईल आणि तीत जो उतरणार नाही त्याला परत पाठवण्यात येईल. एवढे झेंडू गळ्यात घालून गेलेल्या माणसाला पाच महिन्यांत परत येता येत नाही.

फ्रायबुर्ग

मुंबईहून बोटीनं इटलीपर्यंत आणि तिथून आगगाडीनं फ्रायबुर्गला. बोटीत मी बहुतेक वेळ आडवा होतो, तेव्हा समुद्राचं वर्णन दुसऱ्या कुणाकडून तरी ऐका.

फ्रायबुर्ग हे काळ्या जंगलाच्या पायथ्याचं शहर. काळं म्हणजे सूचिपर्णी झाडांनी गर्द झालेलं. रस्त्यांच्या कडेनं दगडी पाटांतून डोंगराचं पाणी खळखळत वाहतं, आपल्याकडं बांधीत पाणी सोडावं तसं. पहिल्याच दिवशी दोन्ही हातांत पेट्या घेऊन मी एका पाटात घोट्याइतका उतरलो. नागपूरला सहा महिने मी जर्मन शिकलो होतो. एका निवृत्त मास्तरांनी पुस्तकावरून शिकवलेलं. ओल्या बुटानं एका हातगाडीवाल्याजवळ गेलो आणि पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं म्हटलं: ‘महाशय, हा पत्ता मला कोठे सापडेल?’ त्यानं भराभर उत्तर दिलं. मला त्यातला एक शब्द कळेल तर शपथ.

पुस्तकावरून मराठी शिकलेल्या परदेशी माणसाला कुरखेड्याच्या बाजारात सोडून द्यावं आणि कुणीतरी त्याला विचारावं, “काऊन जी, कुठी जाऊन राह्यले?” तसं माझं झालं. जर्मनीतही पुस्तकातली भाषा निराळी आणि डोंगरातल्या खोऱ्यांतली निराळी. आणि माझ्या नशिबी जी घरमालकीण आली ती एका खोऱ्यातून लग्न होऊन शहरात आली होती. चाळीस वर्षांत तिनं शहराचा एक शब्द तोंडात घेतला नव्हता.

तिचं नाव फ्राऊ केलर. मी मनात पहिल्या दिवसापासून केलरबाई म्हणायला लागलो. तिचं बोलणं मी पुढं आपल्या चांद्याकडच्या झाडीबोलीतच लिहिणार आहे. हौस म्हणून नाही. महिन्याभरात ते माझ्या कानाला तसंच ऐकू यायला लागलं होतं.

घर अर्धं होतं. युद्धात एका संध्याकाळी विमानं आली आणि शहराचा मधला भाग गेला. केलरबाईंच्या घराची मागची बाजू त्यातच गेली. नवरा त्याच्या आधीच छातीच्या दुखण्यानं गेला होता. मागं फळ्या ठोकून भिंत केली होती. समोर एक स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. वरची एक माझी. पलंगावर पिसांनी भरलेली, पोटापर्यंत उंच, पांढरी शुभ्र गादी. मी आईची घोंगडी पांघरून त्या गादीवर झोपलो आणि सकाळी दात वाजवत उठलो. बाई कॉफी घेऊन आली, पाहिलं, आणि हसून दाराच्या चौकटीला टेकली.

“अगा बाप्पा! बाबू, ते पांघराचं हाये! त्याच्यावर कायले झोपला?”

शब्द कळले नाहीत, पण तिनं गादी उचलून माझ्या डोक्यावर टाकली तेव्हा अर्थ कळला.

दुसरा घोटाळा आंघोळीचा. त्या घरी आंघोळ शनिवारी. आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरात पत्र्याचा टब ठेवून, आधी पाहुणा, मग घरमालकीण. मला ते सोसेना. ऑक्टोबरातल्या एका पहाटे मी अंगणातल्या नळाखाली बसलो आणि सवयीनं गंगा-गोदावरी म्हणत तांब्यावर तांबे ओतायला लागलो. समोरच्या खिडकीतून एक बाई किंचाळली. केलरबाई घोंगडी घेऊन धावत आली, मला तीत गुंडाळलं आणि ओढत चुलीजवळ नेलं. शेजारीण रस्त्यावर ओरडून सांगत होती की, केलरकडचा परदेशी माणूस जीव देतोय. पुढे नोव्हेंबर लागला आणि मीही शनिवारचा झालो.

स्वयंपाकघर

घरात चूल एकच, म्हणून संध्याकाळी दोघंही स्वयंपाकघरात. मी बटाटे सोलायचो, ती बोलायची. संध्याकाळचं जेवण म्हणजे थंड पाव, थंड चीज आणि थंड काकडीचं लोणचं. भातावर वाढलेल्या माणसाला ते जेवण झालं असं वाटत नाही. एकदा मी धीर करून भात मागितला. तिनं तो दुधात शिजवला, वर साखर आणि दालचिनी घातली आणि कौतुकानं समोर ठेवला. मी घरचं तिखट काढून त्यावर भुरभुरलं. ती खुर्चीवर बसली आणि मी मरतो का ते पाहत राहिली.

जवसाची चटणी पाहून तर तिला हसू आवरेना. “हे आमी गायीले देतो जी! नाईतर खोकला झाला का पोटीस करून छातीवर बांधतो.”

“आमच्याकडं छातीच्या आत घेतात,” मी म्हणालो.

भाषा अशीच आली. दर शनिवारी सकाळी मी तिच्या कांद्यांच्या टोपल्या उचलून चर्चच्या चौकात नेत असे. शहर पडलं तरी ते उंच लाल दगडाचं चर्च उभं राहिलं होतं आणि त्याच्या सावलीत बाजार भरायचा. कांदे, कोबी, चीज, मेलेले ससे. विकणाऱ्या सगळ्या खोऱ्यांतल्या बाया. त्यांना मी हवाच होतो. मी पाटात पाय घातल्याचं केलरबाईनं चौकभर सांगितलं होतं, आणि जो त्या पाटात पाय घालतो त्याला इथलीच बायको करावी लागते, अशी तिकडं समजूत. मग दर आठवड्याला एक नवी पोरगी सुचवायच्या. वाघाबद्दल विचारायच्या. मी वाघ आयुष्यात चारदा पाहिला, तोही पाठमोरा. डिसेंबरपर्यंत तो समोरून यायला लागला आणि जानेवारीत माझ्या खाटेखाली झोपला होता.

आधी एटापल्लीला नोकरीत असताना मी गोंडी शिकलो ती अशीच, लोकांच्या शेजारी बसून, त्यांना हसू देऊन. तेव्हा मला वाटलं, जमलं. केलरबाईशी मी तासतासभर बोलत होतो. वर्गातलं मात्र निम्मं डोक्यावरून जायचं. ते मी थंडीच्या माथी मारलं.

परीक्षा

टेबलामागं दोघं होते. एक जंगलविद्येचे म्हातारे प्राध्यापक, आणि दुसरी भाषा तपासणारी फ्रॉइलाइन, म्हणजे कुमारी, हार्टविग. करडा पोशाख, केस घट्ट बांधलेले, पुढ्यात अणकुचीदार पेन्सिल. तिनं विचारलं, “आपल्या प्रदेशात सागाची रोपवाटिका कशी तयार करतात, हे सविस्तर सांगाल का?”

यापेक्षा सोपा प्रश्न नव्हता. मी सुरू झालो. वाफे कसे घालतात, सागाच्या बियांना पाणी आणि ऊन आळीपाळीनं कसं दाखवतात, रानडुकरं कशी येतात. दहा मिनिटं थांबलो नाही. म्हाताऱ्या प्राध्यापकांच्या मिशा हलायला लागल्या. ते आवडीनं ऐकतायत असं वाटून मी वाघही घातला. फ्रॉइलाइन हार्टविगनं पेन्सिल खाली ठेवली.

“क्षमा करा. हे आपण कुठे शिकलात?”

“स्वयंपाकघरात,” मी खरं ते सांगितलं.

प्राध्यापकांनी रुमाल तोंडाला लावला. ती हसली नाही. शांतपणे म्हणाली, “आपलं निम्मं बोलणं मला समजलं नाही. या भाषेत आपल्याला प्रबंध लिहिता येणार नाही. मी आपल्याला उत्तीर्ण करू शकत नाही. एप्रिलमध्ये एकदा संधी मिळेल. ती शेवटची.”

घरी येताना मी त्या पाटांच्या कडेनं चालत होतो आणि मला वडसा स्टेशन दिसत होतं. बाबा काही बोलणार नाहीत, हेच मला सोसणार नव्हतं. स्वयंपाकघरात जाऊन बसलो आणि सांगितलं. केलरबाईच्या हातातली पळी थांबली.

“कोन म्हणते नापास? माह्या भाषेत नापास?”

“तुमच्या भाषेमुळंच, बाई.”

हे बोलायला नको होतं. ती लालबुंद झाली. वर गेली, चर्चला जायची काळी टोपी घालून खाली आली, कोपऱ्यातली कांद्यांची टोपली उचलली आणि निघाली. मी मागं धावलो तर म्हणाली, “तू बटाटे सोल!”

दोन तास मी बटाटे सोलले. आता ही तिकडं जाऊन भांडणार, फ्रॉइलाइन हार्टविग चिडणार, एप्रिलची संधीही जाणार, याची मला खात्री वाटत होती. केलरबाई परतली तेव्हा टोपली रिकामी होती. तिनं टोपी काढून टेबलावर ठेवली.

“काय झालं, बाई?”

“रविवारी ते जेवाले येऊन राह्यली.”

“इथं? का?”

“तुले शिकवाले.” मग माझ्याकडं न पाहता: “एका खोलीत राह्यते, बाबू. स्पिरिटच्या स्टोव्हवर अंडं उकडून खाते. तिकडं दूर पूर्वेले गाव होतं तिचं. आता तो दुसऱ्याचा मुलूख झाला म्हणते. एक बोचकं घेऊन आली. आठ वर्षं झाले इथी. आठ वर्षांत कोनी जेवाले बलावलं नाई.”

मी सोललेले बटाटे पाण्यात टाकले.

“मी बी नाई. दर शनवारी माह्याकडून दोन कांदे घेते. दोनच. बोलते कशी पुस्तकासारखी. ते गेली का आमी साऱ्या बाया तिची नक्कल करतो. मीच जास्त करतो.”

फाळणीनंतर चांद्याला काही सिंधी कुटुंबं आली होती. त्यांच्यातला एक म्हातारा कापडाचे गठ्ठे घेऊन आमच्या गावापर्यंत यायचा. त्याच्या मराठीला आम्ही किती हसायचो. त्याला कुणी जेवायला पाटावर बसवलं होतं का, ते मी आठवून पाहिलं. पाणी दिल्याचं आठवलं. पाटाचं आठवलं नाही.

रविवार

ती पहिल्या रविवारी बरोबर बाराला आली, हातमोजे घालून, हातात शाईची बाटली आणि वही. खुर्चीच्या अगदी कडेवर बसली. पहिला खटका बटाट्यावरूनच उडाला. केलरबाईंच्या खोऱ्यात बटाट्याला ‘भुईचं सफरचंद’ म्हणतात. मी ते म्हटलं आणि फ्रॉइलाइन हार्टविगनं चमच्यानं टेबलावर टक् केलं.

“त्याला शब्द आहे. तो शब्दकोशात आहे.”

“शब्दकोशानं कवा बटाटे खणले?” केलरबाई ताटात भर घालत म्हणाली.

असे ते रविवार. मी मधे बसलेला. डावीकडून एक शब्द, उजवीकडून दुसरा. मला तर दोन्ही घरचेच वाटायला लागले. घरी आईशी आपण एक बोलतो आणि चांद्याला साहेबासमोर उभं राहिलं की दुसरं. जीभ आपोआप वळते. फक्त हे मला जर्मनमध्ये कुणी सांगितलं नव्हतं. एकदा मी चिडून म्हणालो, “मग केलरबाईंचं सगळं चूकच का?”

फ्रॉइलाइन हार्टविगनं पेन्सिल ठेवली. “चूक नाही. ते सगळीकडे चालत नाही, एवढंच. मला माहीत आहे.”

तिला ते कसं माहीत होतं, ते मार्चमध्ये कळलं. त्या दिवशी केलरबाईंनी मुद्दाम माझी जवसाची चटणी काढली. “हे खाऊन पाहा. गायीचं हाये, पन चांगलं हाये.” पाहुणीनं पावावर चांगली जाड थापली. कुणी काही म्हणायच्या आत घास तोंडात. डोळ्यांतून पाणी आलं, चेहरा टोमॅटोसारखा झाला आणि तोंडातून एक शब्द निघाला. तो पुस्तकातला नव्हता आणि केलरबाईंच्या खोऱ्यातलाही नव्हता.

“का म्हणलं?” केलरबाईनं विचारलं.

ती पाणी प्यायली. “काही नाही. आमच्याकडे... हात भाजला की आई हे म्हणायची. इथे मी ती बोली कधी बोलले नाही. इथे कुणाला कळणार?”

केलरबाईनं तिच्याकडं पाहिलं, मग चटणीची बरणी तिच्यापुढं सरकवली.

“मंग घ्या अजून. अन् अजून म्हणा.”

ती हसली. मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं. त्या रविवारी माझा धडा झाला नाही. दोघी एकमेकींना आपापल्या गावच्या शिव्या सांगत होत्या आणि मी वहीत काहीच लिहिलं नाही, लिहिण्यासारखं नव्हतं.

एप्रिलमध्ये मी पास झालो. काठावर. रोपवाटिकेचाच प्रश्न होता. मी हळूहळू, एकेक शब्द पाहून टाकत बोललो. वाघ आणला नाही. म्हातारे प्राध्यापक थोडे निराश दिसले.

काळ्या जंगलात

मे महिन्यात प्रात्यक्षिकासाठी आम्हाला तीन आठवडे वर डोंगरात पाठवलं. जंगल कसं? झाडलेलं. झाडांवर नंबर, खाली झुडूप नाही, पालापाचोळाही रांगेत पडल्यासारखा. आलापल्लीच्या रानात पाऊल टाकताना आधी कान पुढं जातात, मग पाय. इथं कान मोकळेच राहायचे. चेरीच्या झाडांना तिकडं मोहासारखा मान. शेतकरी घरच्या घरी चेरीची दारू काढतात आणि पाहुण्याला बोटभर देतात. पहिला घोट घेतला आणि मला मोहाच्या दिवसांतली गावं आठवली.

एका सकाळी धुकं इतकं दाट होतं की हातातली मोजणीची दोरी दिसत होती, दोरीचं दुसरं टोक दिसत नव्हतं. वरून लाकूडतोड्यांच्या म्होरक्याचा आवाज आला.

“अबे, कोन हाये तिकडं? झाड अंगावर घेऊन राह्यला का?”

“सरकून राह्यलो ना जी!” मी ओरडलो. पुस्तकातलं वाक्य शोधायला वेळ नव्हता.

“कोन्या खोऱ्यातला तू?”

“कुरखेड्याचा!”

“कुठी आलं ते?” म्हणत तो धुक्यातून खाली उतरला. माझ्यासमोर आला, माझं तोंड पाहिलं आणि तोंडातला पाइप काढला. बराच वेळ विचार करून म्हणाला, “म्हंजे वरच्या अंगाचं खोरं दिसते.” मग त्यानं उभं राहायची जागा दाखवली आणि ती चुकल्याबद्दल मला माझ्या बापावरून एक शिवी हासडली. त्या देशात सात महिने केलरबाई सोडली तर मला सगळ्यांनी ‘माननीय महाशय’ म्हटलं होतं. दिवसभर मला फार बरं वाटलं.

तीन आठवडे संपायच्या आधीच एक दिवस सुट्टी मिळाली, रविवारची. मी कुणाला न कळवता सकाळच्या गाडीनं खाली आलो. वाटेत मनाला एकच घोर. परीक्षा झाली, धडे संपले. आता फ्रॉइलाइन हार्टविगला जेवायला बोलवायचं निमित्त काय? केलरबाईंना सुचवावं कसं? शिकवणीची सबब संपली म्हणून तिला पुन्हा त्या खोलीत, त्या उकडलेल्या अंड्याकडं कसं जाऊ द्यायचं? दोन-तीन वाक्यं मी गाडीतच जुळवून ठेवली, दोन्ही भाषांत.

घराच्या पायऱ्यांपर्यंत आलो तर आतून भांडण ऐकू येत होतं. बटाट्याच्या कोशिंबिरीत अंड्याचं दाट सार घालतात की नुसतं गरम पाणी आणि व्हिनेगर, यावर. एक आवाज पुस्तकासारखा आणि दुसरा खोऱ्यातला. पण पुस्तकासारख्या आवाजात मधूनच एक पूर्वेकडचा शब्द पडत होता आणि समोरून त्याला कुणी अडवत नव्हतं.

मी दार ढकललं. दोघी चुलीशी उभ्या, दोघींच्या हातात चमचे. हातमोजे खिडकीत पडलेले. टेबलावर दोनच ताटं.

केलरबाईनं मान वळवली. “तू कसा आला रे? सांगतलं नाई! बटाटे दोघींपुरतेच हाये.”

“बूट बघा याचे,” फ्रॉइलाइन हार्टविग म्हणाली. “सगळा चिखल आत येईल.” आणि पुन्हा चुलीकडं वळून, “तर मी काय म्हणत होते, अंडं हवंच.”

“अंडं नाई!”

मी बाहेर आलो आणि पायरीवर बसून बूट काढायला लागलो. बुटांना लागतो त्याच्या दुप्पट वेळ लावला.